आईचं कोर्सवर्क आणि जिन्यातला बल्ब

आमच्या सोसायटीतल्या लोकांनी काय वाटेल ते म्हणावं. जिन्यातला चांगला पेटलेला बल्ब माझ्या आईने काढला, हे खरं आहे. स्टुलावर चढून काढला आणि स्टूल मी धरलं होतं, हेही खरं आहे. पण त्यामागे लोकप्रशासन या विषयातलं संशोधन होतं. ज्यांना ते कळत नाही त्यांनी निदान मी शाळेला निघाले की जिन्यात उभं राहून माझ्याकडे बघत मान हलवू नये. अर्थात मला त्याने काही फरक पडत नाही. वर्गप्रतिनिधी म्हणून निवडून आल्यापासून मला कशानेच फरक पडत नाही. तरी एकदा सगळं नीट सांगून टाकते, म्हणजे विषय संपेल.

माझी आई पाणीपुरवठा कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. लोकांचे अर्ज घ्यायचे, त्यावर शेरे मारायचे आणि ते पुढच्या टेबलावर पाठवायचे, हे ती मी जन्मायच्या आधीपासून करते आहे. त्याचा परिणाम घरावर झालेला आहे. सहलीला जाऊ का असं मी नुसतं तोंडाने विचारलं तर तिला ते ऐकूच येत नाही. कागदावर लिहून दिलं, खाली सही केली, की संध्याकाळपर्यंत उत्तर मिळतं. बाबांनी लग्नाची मागणी कशी घातली होती हे मी अजून विचारलेलं नाही, पण मला अंदाज आहे.

अशा बाईने लोकप्रशासनात पीएचडी करायची ठरवली तर त्यात नवल काय? पण ज्याला त्याला नवल. ऑफिसातले म्हणाले, बढती तर मिळणार नाही, मग कशाला? समोरच्या काकू म्हणाल्या, त्यापेक्षा गुडघ्यांकडे बघ. आईने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि प्रवेश परीक्षा देऊन आली.

माझी समजूत अशी होती की पीएचडी म्हणजे एक जाडजूड प्रबंध लिहायचा आणि डॉक्टर व्हायचं. तसं नसतं. आधी कोर्सवर्क असतं. म्हणजे ज्याला डॉक्टर व्हायचंय त्याने आधी पुन्हा विद्यार्थी व्हायचं, बाकावर बसायचं, हजेरी द्यायची, संशोधन पद्धती शिकायची, संख्याशास्त्राची परीक्षा द्यायची. एवढ्यातून पार पडलं तरच प्रबंधाला हात लावायचा. संख्याशास्त्राच्या वेळी आमच्या जेवणाच्या टेबलावर एका बाजूला माझी बीजगणिताची चाचणी आणि दुसऱ्या बाजूला तिची परीक्षा, असा तो काळ होता. तिला माझ्यापेक्षा बरे मार्क पडले. तिच्या निकालावर पालक म्हणून सही करायची मी तयारी दाखवली होती, पण त्याची गरज नसते म्हणे.

गरज कशाची होती ते विद्यापीठातल्या विभागप्रमुख सरांना विचारावं. सरांना नोकरी करून शिकणारी माणसं आवडत नाहीत, त्यातही बायका नाहीत, आणि त्यातही प्रश्न विचारणाऱ्या तर अजिबात नाहीत. ते आईला अधूनमधून सुचवायचे की मॅडम, एखादं सहा महिन्यांचं प्रमाणपत्र करा, भिंतीवर छान दिसतं. आई म्हणायची, आमच्या भिंतीला ओल आहे, सर.

कोर्सवर्कचं शेवटचं काम उरलं होतं. कुठल्याही प्रशासनातला एक निर्णय घ्यायचा, अर्ज दिल्यापासून अंमलबजावणी होईपर्यंत त्याच्या मागे मागे जायचं, काय काय होतं ते नोंदवायचं आणि तीन जणांच्या समितीपुढे सादर करायचं. मुख्य अट, संशोधकाने मध्ये हात घालायचा नाही. नुसतं बघायचं. स्वतःचं ऑफिस चालणार नाही. आणि हे सत्र संपायच्या आत झालं नाही तर नोंदणी रद्द. रद्द झाली की पुन्हा प्रवेश परीक्षा, आणि पुन्हा ऑफिसची परवानगी. ती परवानगी आईने किती टेबलांवरून ओढून आणली होती ते मला माहीत आहे. तिच्या साहेबांनी सही करताना सांगितलं होतं की बाई, ही पहिली आणि शेवटची. थोडक्यात, हे काम हुकलं की पीएचडी हुकली.

आई कामाला लागली. टपाल कार्यालयाने सांगितलं, निरीक्षणासाठी वरून परवानगी आणा. वरच्यांनी सांगितलं, खालच्यांचं पत्र आणा. वीज कंपनीने सांगितलं, आमच्याकडे निर्णय होत नाहीत, फक्त बिघाड होतात. नोंदणी कार्यालयातल्या माणसाने तिला प्रेमाने बसवलं, चहा दिला आणि सांगितलं की ताई, तुम्ही आमच्यातल्याच, तुम्हीच सांगा, तुम्ही अशी परवानगी दिली असती का? आईने प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाली, नसती दिली. आणि उठून आली.

हे सगळं तिने विभागप्रमुखांना सांगितलं तेव्हा ते वैतागून म्हणाले, मग तुमच्या हाउसिंग सोसायटीचं करा. त्यांनी टोमणा मारला होता. आईने तो आदेश समजून कागद पुढे केला की सर, एवढं लेखी द्या. सरांना घरी जायची घाई होती. त्यांनी लिहून दिलं.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्यात बल्ब गेला होता. आईच्या दृष्टीने याहून सुरेख निर्णय नव्हता. छोटा, स्वच्छ, सुरुवात आणि शेवट असलेला. बल्ब नाही, अर्ज, बल्ब आहे. एरवी सचिवकाका वॉचमनला सांगतात आणि दुसऱ्या दिवशी बल्ब लागतो. आईने हिशेब केला की आठवड्यात आटपेल, लिहायला भरपूर वेळ मिळेल. तिने स्वतः अर्ज करणं नियमात बसत नव्हतं, म्हणून समोरच्या काकूंनी केला. काकूंनी त्यात पहिल्या मजल्यावरच्यांच्या चपला, दुसऱ्या मजल्यावरच्यांचा कुत्रा आणि आपल्या जावेचा स्वभाव हेही मुद्दे घातले, पण बल्ब होता.

चूक एवढीच झाली की आईने रीतसर सोसायटीच्या समितीला कळवलं, या निर्णयाचा पीएचडीसाठी अभ्यास होणार आहे.

आमचे अध्यक्ष म्हणजे खाली स्टेशनरीचं दुकान चालवणारे काका. ते समितीच्या बैठकीला नेहमी बनियनवर येत, कारण बैठक त्यांच्याच घरी असते. त्या दिवशी ते कोट घालून बसले होते. सचिवकाकांनी दाढी केली होती. आई कोपऱ्यातल्या मोडक्या खुर्चीवर वही घेऊन बसली आणि मी तिच्या शेजारी, संशोधन सहायक म्हणून. हे पद मी स्वतःच निर्माण केलं होतं आणि स्वतःच भरलं होतं.

मग मी माझ्या डोळ्यांनी बघितलं की चार साधी शेजारी माणसं बघता बघता सरकार कशी होतात. सचिवकाका म्हणाले, तिसऱ्या मजल्याचा जिना सामाईक जागेत येतो का, हे आधी तपासायला हवं. जिना सामाईक नसेल तर काय, चौथ्या मजल्यावरचे लोक दोरीने जातात का, हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. खजिनदार म्हणाले, तीन ठिकाणचे दर मागवल्याशिवाय मी बल्बला हात लावू देणार नाही. एक सदस्य वर्षभर प्रत्येक बैठकीत झोपायचे. ते जागे होऊन म्हणाले की उजेड पांढरा हवा की पिवळा, यावर रहिवाशांचं मत घ्यावं. शेवटी एक उपसमिती नेमली. उठताना अध्यक्षांनी आईला हळूच विचारलं, बरोबर चाललंय ना? आई म्हणाली, मला मत नाही. घरी येऊन मात्र तिने उशीत तोंड खुपसलं आणि किती वेळ खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, ते मी विचारलं नाही.

आठवड्याचा महिना झाला. उपसमितीने पाहणी केली. पाहणी दिवसा केली, त्यामुळे तिचं मत असं पडलं की उजेड पुरेसा आहे. फेरपाहणी झाली. इकडे प्रत्येक मजल्यावरून सल्ले येत होते. दुसऱ्या मजल्यावरचे व्यायामशाळावाले दादा म्हणाले, अंधारात जिना चढल्याने पायांना चांगला ताण मिळतो. काकू म्हणाल्या की तुझ्या त्या अभ्यासापायी मी माझ्याच दाराला दोनदा धडकले, आणि आतून आमच्या ह्यांनी कोण आहे म्हणून विचारलं. बाबा अंड्यांचा ट्रे घेऊन वर येत होते आणि ट्रे खाली गेला. बाबा शांत स्वभावाचे आहेत. त्यांनी पाय धुतले आणि एवढंच म्हणाले की, अगं, मी एक बल्ब लावून टाकतो, तू समितीने लावला असं लिही. आईने त्यांच्याकडे असं बघितलं की ते न सांगता अंडी आणायला पुन्हा खाली गेले.

शाळेत माझं नाव ‘बल्ब’ पडलं. वर्गप्रतिनिधीला असं नाव पडावं, हे शोभत नाही. पण मी ते नाव असं काही मिरवलं की आठवड्याभरात चिडवणाऱ्यांचा उत्साहच गेला. दुसरी एक मुलगी म्हणाली की मलाही असंच काहीतरी नाव पाडा.

आणि मग चौथ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आले. ते काही दिवस परगावी होते, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. जिन्यात अंधार बघून त्यांनी घरातला बल्ब आणला, लावला, बटण दाबलं आणि वर निघून गेले. संध्याकाळी सगळा जिना आनंदात होता. काकू दार उघडं टाकून बसल्या होत्या. मी वर येताना एक एक पायरी स्पष्ट दिसत होती, आणि मला खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

आई ऑफिसमधून आली. वळणावर थांबली, वर बघितलं. उजेडात तिचा चेहरा कसा पडत गेला ते मला नीट दिसलं. तिने विचारलं, ठराव कधी झाला? मी म्हटलं, ठराव नाही, डॉक्टरांनी लावला. ती म्हणाली, ‘‘स्टूल आण.’’

मी आणलं. बल्ब गरम होता म्हणून तिने पदराने धरून काढला, रुमालात गुंडाळला आणि चौथ्या मजल्यावर जाऊन डॉक्टरांना आभारपूर्वक परत केला. पोच मागितली. डॉक्टरांनी आयुष्यात पुष्कळ गोष्टी काढल्या असतील, पण असं काही त्यांच्या हातात परत कुणी ठेवलं नसावं. ते म्हणाले, मला वाटलं बल्ब नाहीये. आई म्हणाली, नाहीच आहे. तोच तर विषय आहे.

आम्ही खाली येईपर्यंत अर्धी सोसायटी अंधारात जमली होती. कोण काय म्हणालं ते सगळं सांगत नाही. एका डॉक्टरने लावलेला दिवा दुसरीने डॉक्टर होण्यासाठी घालवला, हे वाक्य व्यायामशाळावाल्या दादांचं, आणि चांगलं होतं हे मान्य करते. पण आईला लागलं ते काकूंचं.

‘‘अगं, अंधार होता म्हणून मी अर्ज केला,’’ काकू म्हणाल्या. ‘‘उजेड झाला, तो तू काढून घेतलास. आता तुझ्याविरुद्ध अर्ज करायचा तर तो कुठे करू, सांग.’’

आईने स्टूल उचललं. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते उद्धट होतं, म्हणून मी ते घरात जाऊन बाबांना सांगितलं.

समितीने मात्र आईचं अभिनंदन केलं. अध्यक्ष कोट घालून घरी आले आणि म्हणाले, तुमच्यासारखे नियम पाळणारे सभासद प्रत्येक मजल्यावर असते तर! ते गेल्यावर आई दार लावायचंच विसरली. मग मीच जे बोलू नये ते बोलले. वर्गात मुलांच्या तक्रारी ऐकून ऐकून मला त्याची सवय लागली आहे. मी म्हटलं, आई, संशोधकाने मध्ये हात घालायचा नाही, अशी अट आहे ना? मग तू बल्ब काढलास, तो हात कुणाचा?

तिने स्वतःच्या हाताकडे बघितलं. बोट थोडं भाजलं होतं.

बाबा म्हणाले, सोड ना, लिहूच नको ते, कुणाला कळतंय? आई वही घेऊन टेबलाशी बसली. तिने सगळं लिहून काढलं, बल्ब काढण्यासकट.

बल्बचं म्हणाल तर तो पुढे रीतसर लागला. ठराव झाला, तीन दर आले, सगळ्यात स्वस्त बल्ब लागला आणि आता तो नीट चालू आहे. काकू त्याच्याकडे बघून रोज हात जोडतात, मला वाटतं आईला चिडवायला. पण हे सगळं होईपर्यंत सादरीकरणाचा दिवस येऊन गेला होता. त्या दिवशी जिन्यात अंधारच होता, म्हणजे आईच्या निर्णयाला शेवट नव्हता, आणि मधोमध तिचाच हात होता.

सादरीकरण सगळ्यांसाठी खुलं असतं, म्हणून मी गेले. लांबट खोली, एक टेबल, त्यामागे विभागप्रमुख, एक वयस्क प्राध्यापक आणि एक चष्मेवाल्या तरुण मॅडम. सरांनी माझ्याकडे बोट करून विचारलं, या कोण? मी उभी राहून सांगितलं, संशोधन सहायक. चष्मेवाल्या मॅडमनी पाण्याचा ग्लास पटकन तोंडाला लावला.

आई बोलली. सुरुवातीला तिचा आवाज ऑफिसातला होता, मग घरातला झाला. उपसमितीच्या दिवसाढवळ्याच्या पाहणीपाशी वयस्क प्राध्यापक हसले, आणि सरांनी त्यांच्याकडे बघितल्यावर थांबले. बल्ब काढल्याचं पान आलं तेव्हा सर पुढे सरकले. याचीच ते वाट बघत होते असं मला वाटलं, पण कदाचित मी त्यांच्याविरुद्ध असल्यामुळे तसं वाटलं असेल.

‘‘म्हणजे तुम्ही हस्तक्षेप केलात,’’ सर म्हणाले. ‘‘अट मोडली. अंमलबजावणीही नाही. मॅडम, हे काम पूर्ण कसं मानायचं?’’

आई म्हणाली, ‘‘अट मोडली, सर. मीच लिहिलंय ते. मी इतकी वर्षं खिडकीच्या आत बसते. लोक बाहेरून ओरडतात की काम झालं तर तुमचं काय बिघडतं, आणि मला ते कधीच कळलं नव्हतं. त्या दिवशी काम झालेलं दिसलं आणि मला ते बघवेना. कागद नव्हता म्हणून. समितीला चार भिंतींत बसून जे जमलं नव्हतं, ते मी एका स्टुलावर चढून केलं, झालेलं काम मोडलं. बल्ब वेळेत रीतसर लागला असता तर मला हे सापडलं नसतं. माझ्या कामाचा निष्कर्ष हाच आहे, आणि तो मी खोडणार नाही.’’

मला टाळ्या वाजवायच्या होत्या, पण सहायकाने किती पुढे जावं याला मर्यादा असते.

सर म्हणाले की ठीक आहे, समिती यथावकाश विचार करून कळवेल. यथावकाश हा शब्द आईला चांगलाच माहीत आहे. तो ती स्वतः दिवसातून कितीदा तरी लिहिते. सत्र दोन दिवसांत संपत होतं.

ती जागेवरून हलली नाही. म्हणाली, समिती पूर्ण इथेच आहे, तिघेही बसलेले आहेत, तर मीही बसते. सरांनी सांगितलं, विद्यार्थ्यांसमोर चर्चा होत नाही. तिने विचारलं, तसा नियम आहे का? सरांनी दोघांकडे बघितलं. वयस्क प्राध्यापक म्हणाले, पद्धत आहे, नियम असा नाही. आईने खुर्ची ओढली आणि सवयीने वही उघडली.

वही उघडल्याबरोबर सर ताठ झाले. त्यांनी कोटाचं बटण लावलं. वयस्क प्राध्यापक घसा साफ करून म्हणाले, या प्रकारचं काम आधी पात्र ठरतं का, हे तपासायला एखादी छोटी उपसमिती... आता पिवळा की पांढरा विचारतील, अशी मला खात्री वाटली.

आईलाही ते दिसलं. तिने वही मिटली. मिटून माझ्या मांडीवर ठेवली, खुर्ची उचलली आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

‘‘लिहीत नाही, बघतही नाही,’’ ती पाठमोरी म्हणाली. ‘‘तुम्ही सावकाश ठरवा. पण मी जाणार नाही.’’

मीही खुर्ची फिरवली. बाहेर सायकलींची रांग होती आणि एक माळी नळीने कुंड्यांना पाणी घालत होता. मागे कुजबुज चालली होती. चष्मेवाल्या मॅडमचा आवाज सगळ्यात जास्त येत होता. सर, इतकं प्रामाणिक काम माझ्याकडे तरी पूर्वी आलेलं नाही, असं काहीतरी त्या म्हणत होत्या. वयस्क प्राध्यापक म्हणाले, उपसमितीचं राहू द्या. मी आईचा हात धरला. तो गार पडला होता. मी इतकी धीट, पण माझाही गार पडला असावा, कारण दोघींपैकी कुणालाच ऊब लागली नाही.

मग पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला.

आम्ही वळलो तेव्हा सरांनी सही केलेली होती. कागद पुढे करून ते म्हणाले, ‘‘उत्तीर्ण. पण मॅडम, हे नुसतं कोर्सवर्क झालं. खरी पीएचडी पुढे आहे. वर्षं जातात त्यात.’’

आईने कागद घेतला, शिक्का आहे ना ते बघितलं आणि पर्समध्ये ठेवला.

‘‘जाऊ देत, सर,’’ ती म्हणाली. ‘‘मी सरकारी नोकर आहे. मला वर्षं घालवायची सवय आहे. तुम्ही तेवढे टिकून राहा.’’